विश्लेषण : तार रस्त्यात तुटली, मग बाजार का थांबला?

पिंपळे गुरवमधून चाकणला जायचे तर कासारवाडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असे करत साधारण वीस-बावीस किलोमीटर अंतर पडते. संध्याकाळच्या गर्दीत त्याला दीड तासही पुरत नाही. हेच अंतर काचेच्या तारेतून जाणारा प्रकाश सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागात कापतो. मग एवढ्याच अंतरावरच्या दोन डेटा सेंटरमधली लिंक रडतखडत का चालते? आणि ती तुटली तर दोन्ही टोकांची यंत्रे धडधाकट असताना काम का बंद पडते? पाच-सहा वर्षांपूर्वी देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजारावर हीच वेळ आली होती.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी काय घडले?

बुधवार होता. वायदे व्यवहारांची मासिक मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती, त्यामुळे बाजारात नेहमीपेक्षा जास्त वर्दळ. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सर्व विभागांतले व्यवहार थांबवले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, सुरू होता. त्यामुळे वेळ वाढवून मिळणार की नाही याचा अंदाज नसलेल्या अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसाचे सौदे तिथे मिळेल त्या भावाला मिटवले. त्यात नुकसान सोसावे लागलेल्यांच्या तक्रारी नंतर बरेच दिवस गाजल्या.

कारण काय होते? एनएसईच्या स्पष्टीकरणानुसार, मुंबईतले मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार लिंक अस्थिर झाल्या होत्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या अनेक लिंक होत्या. दोन्ही केंद्रांमधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम सुरू होते आणि त्याचा फटका लिंकना बसला. पण खरी मेख पुढे होती. लिंक गेली तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवायचे, अशी रचना होती. प्रत्यक्षात तिथली साठवण यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि सर्व्हरना आपलीच माहिती मिळेनाशी झाली. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. जोखीम न मोजता सौदे चालू ठेवणे म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात सोडणे. म्हणून बाजारच थांबवावा लागला.

एकच माहिती दोन ठिकाणी कशाला?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतल्या कार्यालयांना या प्रश्नाचे उत्तर वेगळे समजावून द्यावे लागले नाही. पाणी, आग, वीज यांपैकी कशानेही एक इमारत निकामी होऊ शकते. त्यामुळे बँका, बाजार, विमा कंपन्या आणि आता मोठे कारखानेही आपली माहिती दुसऱ्या ठिकाणी सतत उतरवत असतात.

शेअर बाजारांसाठी ‘सेबी’चा दंडक दुहेरी आहे. एक पर्यायी केंद्र दूर हवे. शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटरवर. एनएसईचे असे केंद्र चेन्नईत आहे. दुसरे केंद्र जवळ हवे आणि त्याचे काम एकच : एकही नोंद हरवू न देणे.

दोन केंद्रे का लागतात, याचे उत्तर प्रकाशाच्या वेगात आहे. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, काचेच्या तारेत सुमारे दोन लाख. म्हणजे दर किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन दहा. एकही नोंद हरवायची नसेल तर नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्याची पावती आल्याशिवाय ‘झाले’ म्हणता येत नाही. पंचवीस किलोमीटरसाठी ही पावती पाव मिलिसेकंदात येते. मुंबई ते चेन्नई हे हजाराहून अधिक किलोमीटर. तिथे प्रत्येक नोंदीमागे दहा मिलिसेकंदांहून जास्त थांबावे लागेल. सेकंदाला हजारो नोंदी होणाऱ्या यंत्रणेला ते परवडत नाही. म्हणून जवळच्या केंद्रात नोंद त्याच क्षणी जाते आणि दूरच्या केंद्रात थोडी मागाहून.

स्विच इथे काय करतो?

घरातला वायफायचा डबा किंवा ऑफिसातला नेटवर्क स्विच हा गर्दी झाली की चक्क काही माहिती टाकून देतो. पाठवणारा ती पुन्हा पाठवतो. व्हिडिओ क्षणभर अडकतो, इतकेच. साठवण यंत्रणेला, म्हणजे शेकडो डिस्क असलेल्या कपाटाला, हे चालत नाही. सर्व्हर आणि ही कपाटे यांच्यामध्ये त्यामुळे वेगळे जाळे असते. त्याला स्टोरेज एरिया नेटवर्क किंवा ‘सॅन’ म्हणतात. त्यातली प्रचलित भाषा फायबर चॅनेल. तिचा मूळ नियम असा की समोरच्याकडे जागा असल्याची खात्री असल्याशिवाय काहीही पाठवायचे नाही. टाकून देण्याचा प्रश्नच येऊ नये, अशी ही व्यवस्था.

एका इमारतीतला सॅन स्विच आणि दुसऱ्या इमारतीतला सॅन स्विच तारेने जोडले की दोन्ही मिळून एकच जाळे होते. अंतर शंभर मीटर असेल तर केबल लावली की काम झाले. अंतर किलोमीटरमध्ये गेले की मात्र स्विचला ते सांगावे लागते. न सांगितल्यास लिंक चालू दिसते, दिवा हिरवा असतो, चूक कुठेच नोंदली जात नाही. फक्त वेग मिळत नाही. सॅनच्या कामातला हा सर्वांत फसवा प्रकार म्हणावा लागेल.

रिकाम्या क्रेटचे गणित

समोर जागा आहे हे कळण्यासाठी फायबर चॅनेलमध्ये ‘बफर क्रेडिट’ वापरतात. त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण दूध केंद्राच्या प्लास्टिकच्या क्रेटचे. केंद्राकडे मोजके क्रेट आहेत. भरलेला क्रेट दुकानात गेला की तो रिकामा होऊन परत येईपर्यंत त्या क्रेटमधून दुसरे दूध पाठवता येत नाही. दुकान गल्लीच्या टोकाला असेल तर आठ क्रेटमध्ये दिवसभराचे काम भागते. तेच दुकान चाकणला असेल तर आठही क्रेट वाटेत असतात आणि केंद्रातला माणूस हात बांधून बसतो. रस्ता मोकळा आहे, टेम्पो उभा आहे, दूधही आहे, क्रेट नाही.

फायबर चॅनेलमध्ये माहितीचा एक भरलेला क्रेट म्हणजे एक फ्रेम. जास्तीत जास्त दोन हजार एकशे बाइटच्या आसपास. लिंक जोडली जाताना दोन्ही स्विच एकमेकांना सांगतात की माझ्याकडे इतक्या फ्रेम ठेवायला जागा आहे. एक फ्रेम पाठवली की पाठवणारा आपल्या खात्यातले एक क्रेडिट कमी करतो. समोरच्याने ती पुढे सरकवली की तो ‘जागा झाली’ असा छोटा संकेत परत पाठवतो आणि क्रेडिट जमा होते. खाते शून्यावर आले की पाठवणे बंद.

आता गंमत अशी, की लिंक जितकी वेगवान तितकी फ्रेम तारेत आखूड होते. एक गिगाबिटच्या जुन्या लिंकवर भरलेली फ्रेम तारेत सुमारे चार किलोमीटर जागा व्यापते. १६ गिगाबिटच्या लिंकवर तीच फ्रेम पाव किलोमीटरची आणि ३२ गिगाबिटवर १२५ मीटरची. त्यामुळे तेवढीच तार भरलेली ठेवायला फ्रेम जास्त लागतात. वेगवान स्विच घेतल्यावर लांब लिंक पूर्वीइतकीच चालते, ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. स्विच बदलले, क्रेडिट तेवढेच राहिले.

अभियंते त्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात : किलोमीटर गुणिले गिगाबिटमधला वेग, भागिले दोन. म्हणजे १६ गिगाबिटला दर किलोमीटरमागे आठ क्रेडिट.

पिंपळे गुरव ते चाकण : एक हिशेब

उदाहरणादाखल एखाद्या कंपनीचा सर्व्हर कक्ष पिंपळे गुरवमध्ये आणि कारखाना चाकण एमआयडीसीत आहे असे धरू. नकाशा रस्त्याचे अंतर बावीस किलोमीटर दाखवतो. स्विचमध्ये बावीस भरले. सूत्राप्रमाणे १७६ क्रेडिट मिळाले.

पण केबल नकाशावरून जात नाही. ती दूरसंचार कंपनीच्या एक्सचेंजला वळसा घालून जाते. ठिकठिकाणी दुरुस्तीसाठी तिची वेटोळी राखून ठेवलेली असतात. प्रत्यक्ष लांबी तीस किलोमीटर भरली तर लागतात २४० क्रेडिट, आणि १७६ वर लिंक आपल्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशालाही पोहोचत नाही. अंतर भरायचेच राहून गेले आणि पोर्टला मूळचे आठच क्रेडिट असले, तर सेकंदाला सुमारे १६०० मेगाबाइट नेणारी लिंक पन्नास-पंचावन्न मेगाबाइटवर येते.

आणखी एक खाच आहे. सूत्र भरलेल्या फ्रेमसाठी आहे. अर्ध्या भरलेल्या फ्रेमलाही पूर्ण एक क्रेडिट लागते, जसे चार पिशव्या ठेवल्या तरी क्रेट एक अडकतोच. फ्रेमचा सरासरी आकार निम्मा असेल तर क्रेडिट दुप्पट हवेत. २४० नव्हे, ४८०. बँकेच्या किंवा कारखान्याच्या यंत्रणेत छोट्या नोंदी भरपूर असतात, त्यामुळे स्विचच्या आकडेवारीतून खरा सरासरी आकार काढून मग हिशेब करणे शहाणपणाचे.

मग सगळ्याच पोर्टना हजार-हजार क्रेडिट का देत नाहीत? कारण क्रेडिट म्हणजे स्विचच्या चिपमधली खरीखुरी स्मृती आणि ती त्या चिपवरच्या सर्व पोर्टमध्ये वाटलेली असते. एका लांब लिंकला खूप दिली की शेजारच्या पोर्टना कमी उरते. काही स्विचवर तर एवढे बफर शिल्लकच नाहीत म्हणून नवी लिंक जोडली जात नाही आणि रात्री अडीच वाजता त्याचे कारण शोधत बसावे लागते. काही कंपन्यांच्या स्विचवर दहा किलोमीटरच्या पुढे जायला वेगळा परवानाही विकत घ्यावा लागतो. खरेदीच्या कागदावर ही ओळ नसली की काम तिथेच अडते.

अंतर स्विचनेच मोजले तर?

सोय आहे. स्विचमध्ये साधारण दोन पद्धती मिळतात. एकीत अभियंता अंतर भरतो. दुसरीत स्विच स्वतः संकेत पाठवून, तो परत येण्याचा वेळ मोजून अंतर काढतो. दुसरी पद्धत सुटसुटीत वाटते, आणि कंपनीची स्वतःची सरळ केबल असेल तर ती चांगलीच. पण पुणे-पिंपरीसारख्या शहरांत लिंक बहुधा दूरसंचार कंपनीच्या वर्तुळाकार जाळ्यातून दिलेली असते. एका बाजूची तार तुटली की प्रकाश आपोआप दुसऱ्या बाजूने फिरवला जातो. नेहमीची वाट तीस किलोमीटरची, तर वळशाची वाट सत्तर किलोमीटरची असू शकते.

स्विच अंतर मोजतो तो लिंक जोडली जाताना. तीस मोजले, २४० क्रेडिट घेतले आणि तीन महिन्यांनी कुणीतरी भोसरीत खड्डा खणला. वाट क्षणात बदलली, लिंक पडलीच नाही, त्यामुळे पुन्हा मोजणी झाली नाही. आता २४० क्रेडिटवर सत्तर किलोमीटर. वेग निम्म्याखाली, नोंदी रांगेत, आणि दूरसंचार कंपनीच्या दृष्टीने सेवा अखंड. त्यामुळे वर्तुळाकार जाळ्यातल्या लिंकसाठी लांबच्या वाटेचे अंतर कंपनीकडून लेखी मागून तेच हाताने भरणे बरे. दोन्ही टोकांना आकडा आणि पद्धत एकच हवी, हे सांगायला नको. तरीही चुका तिथेच होतात, कारण दोन टोकांना बहुधा दोन वेगळी माणसे बसलेली असतात.

क्रेटसारखेच क्रेडिट वाटेत हरवतेही. लांब तारेवर एखादा ‘जागा झाली’ संकेत बिघडून पोहोचला तर ते एक क्रेडिट कायमचे गेले. दिवसाला एक-दोन गेले तरी काही आठवड्यांनी लिंक मंदावते आणि शेवटी ठप्प होते. लिंक बंद-चालू केली की ठीक होते, म्हणून मूळ कारण कुणी शोधत नाही. हरवलेली क्रेडिट भरून काढण्याची सोय बहुतेक नव्या स्विचमध्ये आहे, पण ती दोन्ही टोकांना चालू असावी लागते.

काच, प्रकाश आणि सांधे

क्रेडिटइतकेच महत्त्व प्रकाशाला, मात्र हा भाग बराच सरळ आहे. पोर्टमध्ये बसवायचा प्रकाश पाठवणारा छोटा भाग अंतराप्रमाणे निवडावा लागतो. इमारतीच्या आत चालणारा शंभरेक मीटरपलीकडे जात नाही. लांब पल्ल्याचा साधा दहा किलोमीटरपर्यंत, त्याहून तगडा पंचवीसच्या पुढे. त्यानंतर एकाच तारेतून अनेक रंगांचा प्रकाश नेणारी यंत्रणा मध्ये घालावी लागते. तगडा भाग जवळच्या अंतराला लावला तर समोरचा डोळा दिपतो आणि काही वाचू शकत नाही. तेव्हा मुद्दाम प्रकाश मंद करणारा तुकडा बसवतात.

तार तुटून सांधली गेली की प्रत्येक सांध्यात थोडा प्रकाश वाया जातो. एक सांधा क्षुल्लक. पण दर पावसाळ्यापूर्वी खोदला जाणारा रस्ता असेल तर चार वर्षांत त्याच तारेला दहा-बारा सांधे पडतात. लिंक सुरू केली त्या दिवशीचे प्रकाशाचे मोजमाप जपून ठेवलेले असेल तरच ही घसरण दिसते.

दोन कंपन्या, पण चर किती?

एनएसईच्या प्रकरणातला हा भाग पिंपरी-चिंचवडकरांना सर्वांत ओळखीचा. पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हा परिसर स्मार्ट सिटी योजनेत क्षेत्राधारित विकासासाठी निवडला गेला आणि इथले रस्ते उकरून भूमिगत वाहिन्यांसाठी मार्ग टाकले गेले. पुढच्या खोदकामाची गरज त्याने कमी होते हे खरे. पण त्याचबरोबर पूर्वी रस्त्याच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या तारा आता एकाच मार्गात शेजारी येऊ शकतात.

नद्यांचा मुद्दा तर त्याहून मोठा आहे. पिंपळे गुरव पवनेच्या काठी. तिथून चाकणला जाणाऱ्या तारेला आधी पवना आणि मग मोशीजवळ इंद्रायणी ओलांडावी लागते. पूल मोजके आहेत. दोन कंपन्यांची बिले वेगळी, लोगो वेगळे, तारांचे रंगही वेगळे. पण दोन्ही एकाच पुलाच्या कठड्याखालून जात असतील तर ती एकच लिंक समजावी. कंपन्या एकमेकींच्या तारा भाड्यानेही घेतात, त्यामुळे ‘आमचा मार्ग वेगळा’ या तोंडी उत्तराला अर्थ नसतो. दोन्ही मार्गांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही आणि हे नकाशे मागण्याचा हक्क करारातच लिहून घ्यावा लागतो.

खोदकामात तारा तुटल्याने देशाचे वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. खोदण्यापूर्वी खाली कुणाच्या वाहिन्या आहेत हे कळावे म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू झाले. ते ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये असण्याइतकेच जेसीबी चालवणाऱ्याच्या कानावर पोहोचणे महत्त्वाचे.

पूर्ण तुटलेली बरी की अर्धवट?

पूर्ण तुटलेली बरी, हे ऐकायला विचित्र वाटते. तार साफ तुटली की दोन्ही स्विचना लगेच कळते, साठवण यंत्रणा दुसऱ्या टोकाचा नाद सोडते आणि एकटी काम सुरू ठेवते. लिंक दर काही सेकंदांनी जात-येत राहिली तर तसे होत नाही. प्रत्येक वेळी जाळ्यातले स्विच वाटांची नव्याने मांडणी करतात. पावतीची वाट पाहणाऱ्या नोंदी अडकतात, त्यांच्यामागे इतर सर्व्हरच्या नोंदी रांग लावतात आणि ज्या सर्व्हरचा दुसऱ्या केंद्राशी काहीच संबंध नाही तोही थांबतो. एनएसईच्या लिंकही ‘अस्थिर’ झाल्या होत्या, हा शब्द म्हणूनच बारकाईने वाचावा लागतो.

अशा प्रसंगासाठी काही गोष्टी आधी ठरवता येतात. लिंक ठरावीक वेळा पडली की तिला आपोआप बंद ठेवायचे. दोन्ही केंद्रांची जाळी पूर्ण एक न करता मध्ये अशी भिंत ठेवायची की साठवण यंत्रणा आपसात बोलतील, पण एका टोकाचा गोंधळ दुसऱ्या टोकाला जाणार नाही. पावतीसाठी किती सेकंद थांबायचे आणि मग एकट्याने पुढे जायचे, हा आकडा साठवण यंत्रणेत भरायचा. हा शेवटचा आकडा तांत्रिक दिसतो, पण तो खरे तर व्यवसायाचा निर्णय आहे : काम थांबलेले चालेल की काही क्षणांच्या नोंदी एकाच ठिकाणी राहिलेल्या चालतील? तो पोर्ट बसवणाऱ्या तंत्रज्ञावर सोडून देणे योग्य नाही.

आणि हे सारे तपासायचे तर लिंक खरोखर अस्थिर करून पाहावी लागते. रविवारी पहाटे केबल उपटून घेतलेली चाचणी फक्त साफ तुटण्याची असते.

सेबीने काय बदलले?

मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर बाजाराने अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत दूरच्या केंद्रातून काम सुरू करायचे. २४ फेब्रुवारीला व्यवहार चेन्नईतून नव्हे, तर मुख्य केंद्र सावरल्यावर तिथूनच सुरू झाले होते.

पुढे कागदावरची चाचणी मागे पडून खऱ्या पैशांची चाचणी आली. २ मार्च २०२४ या शनिवारी बाजार खास उघडण्यात आला. सव्वानऊ ते दहा हे सत्र मुख्य केंद्रातून झाले, मग दीड तासाच्या विश्रांतीत सारा कारभार पर्यायी केंद्राकडे नेला गेला आणि साडेअकरापासून तासभर सौदे तिथून चालले. त्याच वर्षी १८ मेच्या शनिवारी हा प्रयोग पुन्हा करण्यात आला.